जुनं जेट उभं राहून जास्त झिजतं

एअर शोमध्ये डोक्यावरून हंटर किंवा व्हॅम्पायरसारखं जुनं ब्रिटिश लढाऊ जेट गर्जत गेलं, की बघणाऱ्याला वाटतं हे विमान उडून उडून थकलं असेल. प्रत्यक्षात त्याचं जास्त नुकसान हँगरमध्ये होतं. हवाई दलात ही जेट सतत उडत असत. शोसाठी ठेवलेलं जेट हंगामात मोजकी उड्डाणं करतं आणि बाकीचे महिने उभं असतं. त्या उभ्या महिन्यांचा बंदोबस्त करणं, हेच देखभालीतलं मोठं काम.

आधी रबर. १९५०च्या दशकातल्या बहुतेक जेटमध्ये चाकं आणि फ्लॅप दाबाने हलवणारं लाल रंगाचं खनिज हायड्रॉलिक तेल आणि नायट्राइल रबराची, तेल गळू न देणारी सील असतात. प्रवासी विमानांत चालणारं जांभळं फॉस्फेट एस्टर द्रव यात चुकूनही जाता कामा नये, कारण त्यात नायट्राइल फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून तेल भरायचा पंप आणि होस या विमानापुरते वेगळेच ठेवावेत. नुसतं लेबल लावून भागत नाही. नवं सील घेताना पार्ट नंबर जुळला तरी पाकिटावरची रबर तयार झाल्याची तिमाही आणि वर्ष वाचावं. पाकीट न फोडताही रबर कडक होत जातं.

बरेच दिवस उभ्या असलेल्या विमानात पहिल्यांदा प्रेशर चढवलं, की चाकं हलवणाऱ्या हायड्रॉलिक जॅकच्या रॉडवर तेल पाझरलेलं दिसतं. काही वेळा चाकं आतबाहेर केल्यावर ते थांबलं, तर सील नुसतं सुकलं होतं. थांबलं नाही, तर सील बदलायचं. हंगाम नसतानाही विमान टेकूच्या जॅकवर उचलून, बाहेरची हायड्रॉलिक रिग जोडून चाकं, फ्लॅप आणि वेग कमी करणारे एअरब्रेक ठरावीक दिवसांनी चालवावेत, ते यासाठीच. हायड्रॉलिक गेलं तर काय होतं, ते २७ मे २०१७ रोजी इंग्लंडमध्ये योव्हिल्टनला दिसलं. सी व्हिक्सन एक्सपी ९२४ या ब्रिटिश नौदलाच्या जुन्या जेटला चाकं न उघडता पोटावर उतरावं लागलं. वैमानिक सुखरूप राहिला, पण विमान नंतर वर्षानुवर्षं जमिनीवरच राहिलं.

इंधनाच्या रबरी पिशव्यांचंही असंच. रिकाम्या ठेवल्या की सुकतात, घडीवर तडे जातात. भरून ठेवल्या तर रबर ओलं राहतं आणि टाकीत दव धरायला जागा कमी उरते. तरीही पाणी थोडं साचतंच, तेव्हा उड्डाणाआधी सगळ्यात खालच्या ड्रेनमधून नमुना काढून काचेच्या बरणीत बघणं चुकवू नये.

इंजिनचा शत्रू ओलावा. पुढेमागे झाकणं, आत सिलिका जेलच्या पिशव्या, शक्य असेल तर कोरडी हवा फिरवणारं यंत्र. व्हॅम्पायरला मात्र इथे जपावं लागतं. त्याचा कॉकपिटचा भाग बर्च प्लायवूडच्या थरांमध्ये बाल्सा लाकूड चिकटवून बनवलेला आहे. इंजिनला मानवणारी अति कोरडी हवा त्या लाकडाला आणि डिंकाच्या जोडांना मानवत नाही. तिथे आर्द्रता कमी करण्यापेक्षा ती स्थिर ठेवणं महत्त्वाचं.

सिलिका जेलच्या पिशव्या मोजून ठेवाव्यात, मोजून काढाव्यात, आणि दोन्ही आकडे कागदावर वेगवेगळ्या माणसांनी सही करून लिहावेत. २८ मे २०१२ रोजी डॉनकास्टरला व्हल्कन एक्सएच ५५८ हे जुनं ब्रिटिश बॉम्बर उड्डाणासाठी धावपट्टीवर असताना इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडात, राहिलेल्या अशाच पिशव्या एका इंजिनने ओढल्या. त्याचे तुकडे शेजारच्या इंजिनात गेले आणि दोन ऑलिंपस इंजिनं निकामी झाली. त्या जातीची नवी इंजिनं मिळण्याची सोय जगात कुठेच नव्हती.

इंजिन सुरू करताना सगळ्यात जास्त नुकसान काही सेकंदांत होऊ शकतं. व्हॅम्पायरसारख्या इलेक्ट्रिक स्टार्टरच्या विमानात व्होल्टेज कमी पडलं, तर हवा दाबून आत ढकलणारा कॉम्प्रेसर पुरेसा फिरत नाही. हवा कमी, इंधन तेवढंच, आणि जेट पाइपचं, म्हणजे मागच्या धुराड्याचं, तापमान भराभर चढतं. सुई मर्यादेकडे धावतेय असं दिसताच इंधन तोडणारा हाय प्रेशर कॉक बंद करायचा, वाट बघत बसायचं नाही. मग साचलेलं इंधन निचरू द्यायचं, इंजिन इंधनाशिवाय फिरवून कोरडं करायचं आणि कारण सापडल्यावरच पुन्हा प्रयत्न करायचा. विमानाच्या बॅटरीवर विसंबण्यापेक्षा चांगला ग्राउंड पॉवर युनिट लावणं केव्हाही बरं. हंटरच्या नंतरच्या आवृत्त्यांमधलं २०० मालिकेचं एव्हॉन इंजिन आयसोप्रोपिल नायट्रेटवर सुरू होतं. हे द्रव जळायला बाहेरची हवा लागत नाही, म्हणून त्याची आग गुदमरवून विझत नाही. साठा लहान ठेवावा आणि विमानापासून लांब.

इंजिन बंद केल्यावरची एक सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. कॉक बंद केल्यापासून रोटर पूर्ण थांबेपर्यंतची सेकंदं दर वेळी मोजून लिहायची आणि इनटेकपाशी कान द्यायचा. नेहमीपेक्षा लवकर थांबलं, तर बेअरिंग जड झालंय किंवा काहीतरी घासतंय. खर्च शून्य, आणि कित्येकदा तेलातला धातू पकडणाऱ्या चुंबकीय प्लगवर धातूचा कीस दिसण्याआधीच इशारा मिळतो.

वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटच्या स्फोटक काडतुसांना दोन मुदती असतात, एक बनवल्यापासूनची आणि एक बसवल्यापासूनची. जी आधी संपेल ती खरी. २२ ऑगस्ट २०१५ रोजी शोरहॅमला हंटर कोसळून ११ जणांचा जीव गेला, तेव्हा तपासात त्याच्या सीटची काडतुसं मुदतबाह्य आढळली. अपघाताचं कारण ते नव्हतं. लूपच्या, म्हणजे हवेतल्या उभ्या गोल फेरीच्या, माथ्यावर विमानाला पुरेशी उंची मिळाली नव्हती. पण अवशेषांपाशी जाणाऱ्या बचाव पथकाला अशी जिवंत काडतुसं थेट धोक्याची असतात.

उड्डाणाचा हिशेब तासांवर ठेवून चालत नाही. किती वेळा किती जी (गुरुत्वाच्या किती पट भार) पडला, ते फटीग मीटर मोजतो आणि पंखांचं आयुष्य त्यावर ठरतं. शोचा कार्यक्रम आखताना दोन जी कमी घेतले, वळणं रुंद ठेवली, तर प्रेक्षकांना विमान जास्तच वेळ दिसतं.

विकत घेण्याआधी रंग, आवाज सगळं बाजूला ठेवून इंजिनचं लॉगबुक, सुट्या भागांची प्रमाणपत्रं आणि मूळ ड्रॉइंग मागावीत. मग विचारावं, की दुरुस्तीच्या आराखड्यावर सही कोण करणार. एक्सएच ५५८ला तांत्रिक पाठबळ देणाऱ्या तीन कंपन्यांनी २०१५च्या हंगामानंतर ते काढून घेतलं आणि २८ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याचं शेवटचं उड्डाण झालं.