फोटोखालच्या ओळी: खाडीकाठचा हंगाम, मार्चअखेरची नोंद

ऑक्टोबरात पाहुणे पक्षी उतरायला लागले तेव्हा आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गोष्ट ठरली. नुसता फोटो टाकायचा नाही. खाली जागा, तारीख, वेळ, अंदाजे संख्या आणि खाडीवरचा पक्षी असेल तर भरती की ओहोटी, एवढं लिहायचंच. आता बरेच पाहुणे परतीच्या तयारीत आहेत, म्हणून आतापर्यंत काय साधलं ते मांडते.

आधी कारण. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की कॅमेऱ्याने त्यात साठवलेली तारीख आणि जागा निघून जाते. तोच फोटो चार ग्रुप फिरून आला की भांडुपचा पक्षी उरणचा होतो आणि गेल्या वर्षीचा आज सकाळचा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर माहिती टिकते, पण तसं कोण पाठवतं? हाताने लिहिलेल्या दोन ओळी जास्त भरवशाच्या.

सगळ्यात जास्त शिकवलं ते भरतीच्या नोंदीने. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात, आणि पूर्ण भरतीला भांडुपच्या किंवा नेरुळला ‘टी. एस. चाणक्य’ या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत विसाव्याला येतात. हे आधी ऐकलेलं होतं. पण एकाच दिवशी ऐरोली, भांडुप आणि नेरुळहून आलेल्या पोस्टी वेळेप्रमाणे लावल्या तेव्हा ती हालचाल समोर उभी राहिली. आता फेरी ठरवताना घड्याळाआधी तिथी बघते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा कोळ्यांचा हिशेब पाठ असू द्या, नेमकी वेळ कोष्टकात बघा. मला चढतं पाणी आवडतं. भरतीच्या दोन-तीन तास आधी काठावर पोचलं तर पक्षी आपणहून जवळ येतात, त्यांच्यामागे चिखलात जावं लागत नाही.

ओळखीत खरी प्रगती झाली ती कुरवांमध्ये, म्हणजे गल पक्ष्यांमध्ये. हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोघांचंही डोकं पांढरं, कानामागे एक गडद ठिपका. बसलेल्या पक्ष्याच्या फोटोवर ग्रुपवर तासन् तास चर्चा चालायची. मग ठाण्याच्या एका काकूंनी सरळ सांगितलं, ‘‘उडतानाचा द्या गं, पंखाचं टोक दिसू दे.’’ तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात, शिवाय प्रौढ पक्ष्याचा डोळा फिकट. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी पाचर असल्यासारखी लखलखते. तेव्हापासून सगळेच उडत्या पक्ष्यांवर कॅमेरा धरायला लागले, आणि मध्येच एखादा लांब मानेचा, उतरत्या कपाळाचा स्लेंडर-बिल्ड गलही सापडू लागला.

चिखल्यांत, म्हणजे प्लोव्हरांत, मी अजून चाचपडतेय. जुना लेसर सँड प्लोव्हर २०२३ मध्ये ईबर्डने (पक्षीनोंदींचं ऑनलाइन संकेतस्थळ) दोन जातींत विभागला, तिबेटन आणि सायबेरियन. आपल्याकडे दिसतात ते मुख्यतः तिबेटन. ग्रेटर सँड प्लोव्हर सोबत उभा असेल तर चोचीची लांबी तोलता येते, एकटा असेल तर मी जातीचं नाव लिहीत नाही.

संख्येचा आग्रह काहींना जाचक वाटतो. ‘खूप रोहित’ (फ्लेमिंगो) असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. पण ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. रामसरच्या निकषांत २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येचा १ टक्का, अशी मोजमापं आहेत. पाणथळ जागांची बाजू मांडताना आकडाच कामी येतो. म्हणून थव्यातले शंभर मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांनी पूर्ण थव्यावर फिरवा आणि आलेला अंदाज लिहा. मग तीच यादी ईबर्डवर चढवा, कावळे-घारींसकट. ग्रुपवरची पोस्ट दुसऱ्या दिवशी शुभेच्छांच्या संदेशांखाली गाडली जाते, यादी शोधली की मिळते.

जागा लिहायची नाही असे दोनच प्रसंग: घुबडाची ढोली आणि कोणाचंही घरटं. यावर मी अजिबात मऊ नाही. पावसाळ्यात तिबोटी खंड्या मातीच्या कडेत बीळ करतो. समोर माणसांची रांग लागली की चोचीत खेकडा किंवा पाल धरून पक्षी फांदीवर ताटकळतो आणि पिल्लं आत उपाशी राहतात. घरट्याचा फोटो पिल्लं उडून गेल्यावरसुद्धा टाकू नये असं माझं मत आहे, कारण जागा पुढच्या वर्षीही तीच असू शकते. ग्रुपने हे अजून पूर्ण मान्य केलेलं नाही. बोलणं चालू आहे.

पुढचं काम: एप्रिलमध्ये कर्ल्यू सँडपायपर विटकरी रंगात येतात, निघण्याआधीचे ते फोटो हवेत. जूनमध्ये चातकाची पहिली नोंद कर्जत, बदलापूर, वसईच्या मंडळींनी तारखेसह टाकावी. आवाज ऐकला तरी चालेल, फक्त ‘ऐकला’ असं स्पष्ट लिहा. एप्रिलचं भरतीचं कोष्टक रविवारी ग्रुपवर टाकते.