पचमढीचा रस्ता, प्रथमच मोटारसायकलवरून

आज दिवसभर नकाशा पुढ्यात ठेवून आयुष्यातील पहिल्या लांबच्या मोटारसायकल प्रवासाची आखणी केली. नागपूरहून सावनेर, सौंसर, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा आणि पुढे तामिया, मटकुलीमार्गे पचमढी असे हे सुमारे २५० किलोमीटर अंतर आहे. ते एका दिवसात कापावे, असा माझा विचार होता. परंतु पाताळकोटची दरी उतरत्या उन्हात निवांत पाहता यावी म्हणून तामियालाच मुक्काम कर, हा बाबांचा सल्ला मला मनापासून पटला. सातपुडा घाईने पाहण्याचा डोंगर नव्हेच. संध्याकाळी मेकॅनिककाकांनी चेनचा ताण व ब्रेक तपासले आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल न करता खालच्या गिअरमध्येच ठेवण्यास बजावले. आईची अट एकच आहे: अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचे.