हा ‘चार’ कोणी दिला?

नाशिक तालुक्याच्या गिरणारे पट्ट्यात फेब्रुवारीत पालक सभा घ्यायची तर ती अंधार पडल्यावरच घ्यावी. द्राक्षाचा खुडा चालू असतो, सकाळी बागेत गेलेली माणसे दिवेलागणीलाच परततात. दुपारी तीनला सभा लावली की सहीपुरती पाच-सहा माणसे येतात आणि इतिवृत्तात ‘बहुसंख्य पालक उपस्थित होते’ असे लिहिले जाते. मी केंद्रप्रमुख आहे; माझ्या केंद्रातल्या, म्हणजे माझ्याकडे असलेल्या शाळांच्या गटातल्या, एका जिल्हा परिषद शाळेची सभा म्हणून आम्ही संध्याकाळी साडेसातला ठेवली, व्हरांड्यात सतरंज्या टाकून. शाळा पहिली ते सातवी. बरीच मुले सुरगाणा-पेठकडून मजुरीला आलेल्या कुटुंबांची, घरी कोकणा बोलणारी.

‘आपली शाळा लाल यादीत गेली, आता बंद होणार’ असा निरोप गावात मोबाईलवर फिरत होता, म्हणून ही सभा. कोणीतरी संकलित चाचणीच्या, म्हणजे सत्राअखेरीच्या परीक्षेच्या, निकालाच्या तक्त्याचा फोटो काढला होता आणि त्यात तिसरीच्या गणिताची ओळ लाल रंगात होती, एवढाच त्यामागचा आधार. सभेची सुरुवात मी तिथूनच केली. निकाल कमी आला म्हणून शाळा बंद करावी, असे शिक्षण हक्क कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. मान्यता काढून घेण्याची तरतूद आहे, पण ती निकष न पाळणाऱ्या खाजगी शाळांसाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेला त्या मान्यतेची गरजच नसते. लाल ओळीचा अर्थ इतकाच, की या वर्गातल्या काही मुलांना या विषयात जादा मदत लागणार आहे आणि ती देणे शाळेचे काम आहे. भीती गेल्याशिवाय तक्ता उघडून उपयोग नसतो. शाळा कुठे जात नाही हे पटले, तेव्हा लोक पुढे सरकून बसले.

मग स्वयंमूल्यांकनाकडे वळलो. राज्याच्या शाळा गुणवत्ता मूल्यांकन आराखड्यात 128 मानके आहेत आणि प्रत्येक मानकासाठी शाळेने स्वतःला एक ते चार यांपैकी स्तर द्यायचा असतो, सोबत पुरावे जोडायचे असतात. 128 मानके पालकांपुढे वाचून दाखवणे म्हणजे सभा संपवण्याचा खात्रीचा मार्ग. मी नेहमी आठ-दहाच निवडते, तीही पालकाला आपल्या डोळ्यांनी तपासता येतील अशी: मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, पुस्तके घरी जातात का, तपासलेल्या वह्या घरी येतात का, पोषण आहार रोज शिजतो का, शाळा व्यवस्थापन समितीची सभा दर महिन्याला होते का. ही मानके मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावली होती आणि प्रत्येकासमोर शाळेने भरलेला आकडा होता.

ग्रंथालयाच्या ओळीसमोर 4 होता. मागे बसलेल्या एका आईने विचारले, “बाई, हा चार कोणी दिला?”

शाळेनेच दिला, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, “माझी पोरगी चौथीत आहे. घरी पुस्तक कधी आलं नाही.”

व्हरांडा गप्प झाला. मुख्याध्यापकांनी ग्रंथालयाचे देवघेव रजिस्टर मागवले. त्यात नावे होती, तारखा होत्या, पण एका वर्गाच्या सगळ्या नोंदी एकाच तारखेच्या आणि एकाच पेनाने केलेल्या. परतीचा रकाना कोरा. पुस्तके वर्गात वाटून, वाचून घेऊन त्याच तासाला परत ठेवली जात होती. हरवली तर भरपाई कोण करणार, ही गुरुजींची धास्ती. ही धास्ती मला पुष्कळ शाळांत दिसते आणि तिच्यामुळे चांगली पुस्तके कपाटात वाळवीला मिळतात. मुख्याध्यापकांनी वाद घातला नाही. भिंतीवरच्या कागदावर 4 खोडून 2 केला. पोर्टलवर भरलेला स्तर दुरुस्त करण्याची रीतसर विनंतीही करू, असे त्यांनी सांगितले.

वरचा स्तर भरला की शाळेची शान राहते, असा समज आहे. होते उलटेच. जिथे चार भरला, तिथे सुधारणा करायची काही उरतच नाही, म्हणजे त्या गोष्टीसाठी शाळेच्या विकास आराखड्यात ओळ येत नाही आणि निधीची मागणीही जात नाही. बाह्य मूल्यांकनाचे पथक आले की पुरावा मागतात आणि एकाच पेनाचे रजिस्टर त्यांच्याही लक्षात येते. त्या आईने दोन वाक्यांत जे तपासले ते माझ्या भेटीत तपासले जायला हवे, आणि पुष्कळदा रजिस्टर आहे की नाही एवढेच पाहिले जाते.

यानंतर सभेचा नूर बदलला. आता लोकांना निकाल समजून घ्यायचा होता. तिसरीच्या वर्गाची भाषेची सरासरी फार वाईट नव्हती आणि खरी अडचण तिथेच होती. अर्धी मुले सफाईने वाचतात, उरलेली अक्षराला अक्षर जोडत बसतात; दोघांची बेरीज करून भागाकार केला की मधला आकडा येतो आणि त्या आकड्याचे मूल वर्गात एकही नसते. म्हणून पालकांना सरासरी सांगू नये. किती मुले अक्षरावर, किती शब्दावर, किती वाक्यावर, किती परिच्छेदावर, असे गट सांगावेत. आपले मूल कोणत्या गटात आहे हे मात्र चारचौघांत नाही, पालकाला बाजूला घेऊनच सांगायचे.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचे उद्दिष्ट पालकांना नेमके सांगता येते, कारण ते मोजता येते. दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, तिसरीच्या अखेरीस किमान 60. संख्याज्ञान दुसरीत 999 पर्यंत, तिसरीत 9999 पर्यंत. हे तपासायची रीत मी सभेत करून दाखवली, मुलाला उभे न करता, एका शिक्षिकेला वाचायला लावून. उतारा पाठ्यपुस्तकातला घ्यायचा नाही. पुस्तकातले धडे मुलांना पाठ असतात आणि न वाचताही ती धडाधड म्हणतात. मोबाईलवर एक मिनिट लावायचे. बरोबर वाचलेले शब्द मोजायचे: गाळलेला शब्द त्यात धरायचा नाही; चुकून लगेच स्वतःच सुधारलेला धरायचा. नंतर उताऱ्यावर दोन साधे प्रश्न विचारायचे. वेग आहे पण उत्तर नाही, तर ते वाचन झालेले नाही. कोकणा बोलणाऱ्या मुलाने उत्तर घरच्या बोलीत दिले तरी ते बरोबर धरायचे, कारण आपण समज तपासतो आहोत. हे शेवटचे सांगितल्यावर दोन-तीन आयांनी एकमेकींकडे पाहिले. मुलांना बोलीवरून वर्गात हसतात, ही तक्रार त्यातून निघाली आणि ती आम्ही विकास आराखड्यात घेतली.

शाळा विकास आराखडा करणे हे कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे. समितीत 75 टक्के पालक आणि 50 टक्के महिला हव्यात, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. आराखडा तीन वर्षांचा, त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी शेजारच्या शाळेचा आराखडा नाव बदलून उतरवतात. मी त्या रात्री आधीचा आराखडा वाचून दाखवला. त्यात ओळ होती: ‘विद्यार्थ्यांची वाचनक्षमता वाढविणे.’ याची जबाबदारी कोणाची, कधीपर्यंत आणि झाले हे कळणार कसे, यातले काहीच नव्हते. ती ओळ आम्ही तिथेच बदलली: ‘तिसरीतील शब्दावर अडलेल्या मुलांसाठी परिपाठानंतर रोज 40 मिनिटे गटवाचन, जबाबदारी वर्गशिक्षिका, दर शनिवारी वाचननोंद, नोंदवही समितीच्या मासिक सभेत मांडणे.’ लांबलचक आहे, पण अशा ओळीवर महिन्याने प्रश्न विचारता येतो.

प्रत्येक ओळीपुढे मी एक खूण करायला लावते: हे शाळेच्या हातातले, समितीच्या हातातले की पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या हातातले. ही वाटणी केली नाही तर सगळा राग समोर उभ्या असलेल्या शिक्षकावर निघतो, आणि शिक्षकही रिक्त पदाकडे बोट दाखवून स्वतःचे काम टाळू शकतो. पुस्तके घरी देणे शाळेच्या हातात आहे. त्याला ना पैसा लागतो ना मंजुरी.

शिक्षक कमी का, हा प्रश्न येणारच होता. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक आणि 91 ते 120 मुलांना चार आहेत. संच मान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याचे, निकष शासन निर्णयांनी बदलत असतात, पण मोजणीचा पाया पटच राहतो आणि त्यात आधार वैध झालेली मुलेच धरली जातात. या शाळेत पहिली ते पाचवीचा पट नव्वदीच्या जरा वर आहे. पाच-सहा मुलांच्या आधारवरचे नाव किंवा जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळत नाही. तेवढ्याने पट नव्वदीच्या खाली मोजला जातो आणि अनुसूचीच्या हिशेबाने एक गुरुजी कमी होतो. हे कोणीच पालकांना सांगितले नव्हते. ‘आधारची झेरॉक्स आणा’ एवढेच सांगितले जाई. ज्यांच्या मुलांची दुरुस्ती बाकी होती ते पालक सभा संपल्यावर थांबले आणि नोंदवहीतले नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख जशीच्या तशी कागदावर उतरवून घेऊन गेले. आधार केंद्रावर आठवणीने सांगितले की पुन्हा चूक होते.

पैशांबद्दल मी थोडक्यात सांगितले, कारण आकडे स्पष्ट आहेत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. शंभर ते अडीचशे मुलांच्या शाळेला वर्षाला 50,000 रुपये, त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेसाठी. ‘शाळेला लाखो येतात’ म्हणणाऱ्या एका भाऊंना कॅशबुक हातात दिले. वीजबिल, खडू-कागद, नळदुरुस्ती वाचून झाल्यावर त्यांनी स्वतःच स्वच्छतागृहाच्या टाकीचे काम श्रमदानाने करायचे सुचवले. श्रमदान चांगलेच, पण जे देणे सरकारचे आहे त्याची मागणी श्रमदानामुळे मागे पडू नये. म्हणून टाकीचा ठराव लेखी करून ग्रामपंचायतीला पाठवायचे ठरले.

पाचवीच्या पालकांची काळजी वेगळी होती. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेता येते आणि आपल्याकडे ती घेतली जाते. मूल नापास झाले तर शाळेने जादा शिकवणी द्यायची आणि निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची. त्यातही अडले तर त्याच वर्गात बसावे लागू शकते, पण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. पालकांनी विचारायचे ते हे, की दोन महिन्यांच्या मधल्या काळात शिकवणी कोण घेणार. खुडा आणि त्यानंतरची द्राक्षवेलींची खरड छाटणी आटोपली की सुरगाण्या-पेठची कुटुंबे गावाकडे परततात, नेमके फेरपरीक्षेच्या तोंडावर. अशा मुलांना जाताना शिक्षण हमी कार्ड द्यायचे, म्हणजे पुढच्या शाळेला मूल कुठपर्यंत शिकले ते कळते. दाखला मागितला तर तो ताबडतोब द्यावा लागतो, आणि दाखला नाही म्हणून पुढची शाळा प्रवेश अडवू शकत नाही. कोण कधी जाणार याची यादी त्याच सतरंजीवर करून घेतली.

तक्रारीची वाट मी प्रत्येक सभेत सांगते, शिक्षकांना अवघड वाटले तरी. आधी समिती, मग मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. लेखी म्हणजे तारीख घातलेला अर्ज, आवक क्रमांक आणि पोच. तोंडी सांगितलेले कुठल्याच फाइलमध्ये राहत नाही.

सभा साडेनऊनंतर उठली. ग्रंथालयाच्या ओळीवर ठरले की चौथी ते सातवीच्या मुलांनी शुक्रवारी पुस्तक घरी न्यायचे, सोमवारी आणायचे, नोंद मुलानेच करायची आणि फाटले-हरवले तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही, असा समितीचा ठराव घ्यायचा. सहावी-सातवीच्या गणित-विज्ञान शिक्षकाच्या रिक्त पदाचा ठराव दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत दिला. आवक क्रमांक समितीच्या वहीत आहे, उत्तर अजून आलेले नाही. मार्चच्या सभेत पहिला विषय तोच आणि दुसरा शनिवारच्या वाचननोंदी.