गुणगुणू नका, ‘ता ता’ करा

चाल डोक्यात घोळतेय, शब्द एकही आठवत नाही, आणि गाणं शोधायला ती कॉम्प्युटरला गाऊन दाखवायची आहे. अशा वेळी तोंड मिटून ‘हूं हूं’ करण्यापेक्षा ‘ता ता’ म्हणा. ‘त’ उच्चारताना आवाज क्षणभर थांबतो आणि एक स्वर संपून दुसरा लागला हे प्रोग्रामला कळतं. मिटल्या तोंडी ती फट मिळत नाही. लागोपाठ दोन सा गुणगुणलात तरी एकच लांब सा धरला जातो. मींड घेतलीत तर कुठला स्वर मोजायचा तेच ठरत नाही, तेव्हा हरकती-मुरक्या नकोतच.

सूर ओळखायला आवाजाचे साधारण 40 मिलिसेकंदांचे तुकडे, दर 10 मिलिसेकंदांनी पुढे सरकत, तपासले जातात. याहून फार लहान तुकडा चालत नाही: 80 हर्ट्झच्या खर्जाला एका कंपनासाठी 12.5 मिलिसेकंद लागतात, आणि तुकड्यात निदान दोन कंपनं मावावी लागतात. इथली नेहमीची चूक सप्तकाची. 220 हर्ट्झचा सूर 110 वाचला जातो, म्हणून मधेच 12 सेमीटोनची, म्हणजे आख्ख्या सप्तकाची, उडी दिसली तर आधी संशय घ्यावा.

पुढे तुलना होते ती स्वरांमधल्या अंतरांची. ‘सा रे ग प ग’ म्हणजे सेमीटोनमध्ये +2, +2, +3, −3. पट्टी काळी एक असो की पांढरी पाच, आकडे तेच. 1995 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी तर नुसतं पुढचा स्वर वर, खाली की तोच एवढंच पाहिलं होतं. कच्च्या गळ्याला ते सोयीचं, पण संग्रह मोठा झाला की एकाच चढउताराची ढीगभर गाणी निघतात.

अंतरांची खोट अशी, की एक स्वर चुकला की दोन आकडे बिघडतात: त्याच्याकडे जाणारा आणि तिथून निघणारा. त्याऐवजी सगळ्या स्वरांतून सरासरी वजा केली तर बिघाड जवळपास त्या एका स्वरापुरता राहतो. पण गाणाऱ्याचा सा मधेच घसरला तर पुढचं सगळंच चुकतं. न शिकलेल्या गळ्याचा सा हमखास घसरतो, म्हणून मला अंतरंच भरवशाची वाटतात. लय मागेपुढे झाली तर फारसं बिघडत नाही. डायनॅमिक टाइम वॉर्पिंग नावाची पद्धत ती ताणून-आवळून जुळवते.

माइकचं नॉइज सप्रेशन (आसपासचा गोंगाट गाळणारी सोय) मात्र आधी बंद करा. लांब धरलेला सूर ते पंख्याची घरघर समजून पुसून टाकतं. मग मुखड्याच्या सुरुवातीपासून 10 ते 15 सेकंद, एका दमात गा.