पडली, पाडली आणि मधलं काहीतरी

भाचा राज्यसेवेची तयारी करतोय. परवा जेवता जेवता विचारलं, "मामा, डिस्टॅबिलायझेशन मंजे काय जी?" त्याच्या पुस्तकात 'अस्थिरीकरण' असं छापलेलं. ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवली, हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नाही. म्हटलं, हात धू, कोठ्यामागं चल.

आमच्या दारव्ह्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी उलते की भेगेत हात जावा. मातीच्या भिंतींना तडे दरसालचेच. ती अस्थिरता. त्यात कुणाचा हात नाही. पण तीन वर्षांमागं शेजाऱ्यानं आमच्या कोठ्याच्या भिंतीला लागून नाली खोदली अन् तशीच उघडी सोडली. दोनदा म्हटलं, "भाऊ, बुजवा ना जी." "हो गुरुजी, बुजवतो ना!" आषाढभर पायाशी पाणी तुंबलं. भिंत उभी, पण कोपऱ्यातला सागवानी खांब बोटानं हलायचा. एका रात्री बसलीच.

तलाठी पंचनाम्याला आले, 'अतिवृष्टीमुळे भिंत पडली' लिहू लागले. मी म्हटलं, "पडली नाही, पाडली." ते हसले. "गुरुजी, पडली लिहिलं तर मदतीचं काही पाहता येते. पाडली मनान, तर ठाण्यात जा."

एका कान्याचा फरक. आणि खरं तर दोन्ही चूक. शेजाऱ्यानं भिंतीला बोटही लावलं नव्हतं. त्यानं पाया खिळखिळा केला, पाडायचं काम पावसावर सोडलं. डिस्टॅबिलायझेशन म्हणजे ते मधलं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं. लोकांना ते एक मत तेवढं आठवतं. जयललितांनी पाठिंबा त्याआधीच काढला होता, आणि काढीन काढीन तर कित्येक महिने चाललं होतं.

आताशा विरोधकांनी साधा प्रश्न विचारला तरी 'सरकार अस्थिर करण्याचा डाव' म्हणतात. अरे, तडा दाखवणाऱ्याच्या हातात कुदळ तरी पाहा आधी!

भाच्यानं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "पन मामा, पंचनाम्यात शेवटी काय लिहिलं?"

"पडली."

खाली सही माझीच आहे.