चाकाचं बेअरिंग गेलं की टायरच ओरडतोय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: "साठच्या पुढे गेलं की समोरून घूंऽऽ आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो बेअरिंग गेलं, दोन्हीकडचे टाकून घ्या. टाकू काय?"

आधी आवाज कशाचा ते ठरवा, पैसे मग काढा. बेअरिंगचा आवाज शेजारच्या खोलीत कूलर चालू असावा तसा असतो, सलग आणि भरीव. तो गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, इंजिनाच्या आरपीएमशी त्याचा संबंध नाही. मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास क्षणभर न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिनावरचा संशय फिटला.

राहिला टायर. नागपुरात फसगत होते ती इथेच. शहरात सिमेंट रोड भरपूर झालेत आणि सिमेंटवर धडधाकट टायरही ओरडतो. त्यामुळे सिमेंट संपून डांबर सुरू होतं त्या जागी कान द्या. टायरचा सूर तिथे लगेच बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. टायरवर उलटसुलट हात फिरवूनही पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर दोष अलाइनमेंटचा आहे. मग पुढचे टायर मागे टाकून पाहा. आवाजही मागे गेला तर बेअरिंग निर्दोष.

बाजू ओळखायला मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे द्या. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग. बहुधा म्हणतो, कारण दोन ओळींच्या बॉलच्या बेअरिंगमध्ये कधी कधी उलटंही होतं. फुल टर्न मारताना कटकट होत असेल तर ती सीव्ही जॉइंटची (ॲक्सलच्या टोकाच्या सांध्याची), हा विषयच वेगळा.

मग गाडी जॅकवर घ्या आणि खाली स्टँड लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. एक हात चाकाच्या वर, एक खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) किंवा सस्पेन्शनचे बाकी भाग बघा. फक्त डावी-उजवीकडे हलवल्यावरच प्ले असेल तर आधी टाय रॉड (स्टिअरिंगचा चाकाकडे जाणारा दांडा) तपासा. प्ले नसला म्हणजे बेअरिंग चांगलं, असं मात्र नाही. एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते. ही तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

बेअरिंग जातं कशाने? खड्डे आहेतच, पण आपल्याकडे पाणी जास्त घात करतं. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या अंडरपाससारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात गाडी घालता तेव्हा ब्रेकमुळे हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) तापलेला असतो. थंड पाण्यात आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. ग्रीस धुतलं जातं, गंज धरतो, आणि आवाज उठतो तो काही आठवड्यांनी. तोवर पाणी कोणाच्या ध्यानातही नसतं.

माल घेताना जुन्याचा नंबर घेऊन जा. डीएसी ३५६५००३५ म्हणजे आतला व्यास ३५, बाहेरचा ६५, रुंदी ३५ मिलिमीटर. एसकेएफ, एनबीसी, टिमकेन, कुठलंही चालेल, पण कंपनीच्या डब्यात डुप्लिकेट माल फार येतो. ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी रिंग) आणि ॲक्सल नट नवे घ्या.

बसवण्याचं काम जुन्या हातोडीछाप पद्धतीने करू देऊ नका. चाक जमिनीवर असतानाच ॲक्सल नट ढिला करा. ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर जपून काढा. स्ट्रटच्या (शॉकॲब्सॉर्बरच्या) बोल्टवर खूण करून नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग) बाहेर घ्या आणि हायड्रॉलिक प्रेसवर न्या. हब दाबून काढला की आतल्या रिंगचा अर्धा भाग बहुधा हबवरच राहतो. तो पुलरने काढा. तिथे हब घासला गेला असेल तर तोही बदला, नाहीतर नवं बेअरिंग टिकणार नाही.

आता खरी मेख. बेअरिंग नकलमध्ये घालताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा. नंतर हब घालताना खालून आधार आतल्या रिंगला द्यायचा. आधार नकलला दिला तर सगळा दाब बॉलमधून जातो, रेसवर (रिंगमधल्या बॉल फिरायच्या खाचेवर) बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंगही महिन्याभरात घूं घूं करायला लागतं. "कंपनीचा मालच खराब" म्हणतात ते बरेचदा हेच. एबीएस असेल तर बेअरिंगची एक बाजू चुंबकीय असते; ती सेन्सरकडे यायला हवी. उलटी बसली तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि सगळं परत खोलावं लागतं.

ॲक्सल नट इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत आवळू नका. मॅन्युअलमधला आकडा पाहून टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्यानेच) आवळा. तो होईपर्यंत गाडीचा भार त्या चाकावर देऊ नका. स्ट्रटचे बोल्ट खोलले होते, म्हणून शेवटी अलाइनमेंट.

दोन्हीकडचे टाकायचे का? नाही. ब्रेक पॅड जोडीने बदलतात, बेअरिंग नाही. जे खराब तेच बदला. नुसता आवाज असेल तर हळू चालवत दोन-चार दिवस गावात काढता येतात. प्ले असेल तर समृद्धी महामार्गावर गाडी घालू नका. प्लेमुळे डिस्क हलते, पॅड मागे ढकलले जातात आणि ब्रेकचा पहिला पाय खोल जातो.

जुनं बेअरिंग परत मागून घ्या आणि खोलून पाहा. ग्रीस तांबूस आणि पातळ असेल तर पाणी शिरलेलं. रेसवर बॉलच्या अंतराने सारखे खळगे दिसले तर जोराचा दणका बसलेला किंवा मागच्या वेळी बसवतानाच चूक झालेली.