मुर्डीच्या रँग्लरांचे कॉलेज पाहताना

दापोली तालुक्यातील माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो. रँग्लर र. पु. परांजपे यांचे मुर्डी हे गाव आमच्याच तालुक्यात असल्यामुळे गणिताच्या कोणत्याही कार्यक्रमात त्यांचे नाव घेतल्याशिवाय आमचे भाषण पुरे होत नाही. केंब्रिजच्या गणिताच्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात. माझी भाची केंब्रिजला गणितात पीएचडी करते. तिने बोलावले, तेव्हा लंडन पाहण्यापेक्षा रँग्लरांचे सेंट जॉन्स कॉलेज पाहण्याचीच मला अधिक ओढ होती.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, परंतु बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी मला खेडहून गाडी पकडून मुंबईला जावे लागले. बँकेचे उतारे, शाळेचे रजामंजुरीचे पत्र आणि भाचीचे निमंत्रणपत्र यांच्या जोडीला मी सातबाराही लावला, कारण हा मनुष्य परत येणार आहे, हे अधिकाऱ्याला कागदांवरूनच पटावे लागते. मराठी कागदांसोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावे लागते, हे अर्ज करणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून जलद गाडीने केंब्रिज तासाभराच्या आत येते. सेंट जॉन्सची स्थापना १५११ सालची. तिकीट काढून आत गेल्यावर चौकामागून चौक लागतात. मला सर्वांत नवल वाटले ते तिथल्या चॅपेलचे, म्हणजे प्रार्थनामंदिराचे, कारण त्याचे वास्तुरचनाकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीच मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे केले होते. माझी पदवी त्याच विद्यापीठाची आहे.

कॉलेजपासून थोड्याच अंतरावर विद्यापीठाचे सेनेट हाउस आहे. गणिताच्या ट्रायपॉस, म्हणजे पदवी परीक्षेचा निकाल तिथे गुणानुक्रमे जाहीरपणे वाचला जात असे आणि १९०९ पर्यंत ती पद्धत चालू होती. १८९९ च्या निकालात परांजपे आणि जॉर्ज बर्टविसल यांना पहिले स्थान विभागून मिळाले. सीनिअर रँग्लर, म्हणजे परीक्षेत पहिला, होणारे परांजपे हे पहिले भारतीय. आम्ही भाषणात एवढेच सांगून थांबतो. पण त्याच परीक्षेत १८९० मध्ये फिलिपा फॉसेट यांना सीनिअर रँग्लरपेक्षाही वरचे स्थान मिळाले आणि तरीही पदवी मिळाली नाही, हे मुलींना आम्ही कधी सांगितलेले नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ मध्ये सुरुवात केली. परांजप्यांचे आप्त आणि आमच्या मुरूडचे महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले ते १९१६ मध्ये! हेच कर्वे विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी मुरूडहून कुंभार्ली घाटातून साताऱ्याला शंभर मैलांहून अधिक अंतर पायी गेले होते आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नव्हते. कुंभार्ली घाटाची ही हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण तिचे वजन मला सेनेट हाउससमोर उभे असताना जाणवले.

तरीही, इमारतींपेक्षा अधिक शिकवले ते भाचीच्या टेबलावरील कागदांनी. संशोधन करता करता ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुपरव्हिजन देते, म्हणजे दोन-दोन विद्यार्थ्यांना समोर बसवून त्यांनी सोडवून आणलेल्या उदाहरणांवर तासभर चर्चा करते. एका उत्तरपत्रिकेवर शेवटचे उत्तर बरोबर होते, पण तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आणि शेजारी प्रश्नचिन्ह होते. गुण कुठेच दिसेनात, म्हणून मी विचारले.

“मामा, याचे गुण धरतच नाहीत. तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली, ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे.”

आमच्याकडे दहावीच्या वर्गात साठ मुले आणि डोक्यावर बोर्डाची परीक्षा असते, त्यामुळे उत्तर बरोबर असले की आम्ही पुढच्या वहीकडे वळतो. त्यात शिक्षकांचा आळस नसतो, वेळच नसतो. केंब्रिजची ही पद्धत खर्चीक आहे, आणि ती जशीच्या तशी आमच्या शाळेत आणा असे म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. भूमितीच्या सिद्धतेपुरती मात्र ती जमू शकते, असे मला वाटले.

सध्या मधल्या सुट्टीत मी दोघांना वही घेऊन बोलावतो आणि प्रत्येक पायरीमागचे कारण त्यांच्याकडूनच ऐकतो. शाळा सुटल्यावर हे शक्य नाही, कारण बहुतेक मुलांना गावची एसटी गाठायची असते. सगळा वर्ग एकदा पुरा व्हायला दिवाळी उजाडेल, तोवर त्रिकोणांच्या एकरूपतेचे प्रकरण तरी प्रत्येकाकडून होईल असा अंदाज आहे.